लेख हटवला, प्रतिमा हटवली, आणि ‘अमुक’?

कॉटन ग्रीनच्या खोलीत रात्री हार्बरचा आवाज थांबला की मी वर्डप्रेसच्या मराठी भाषांतराला बसते. पीएचडीचा विषयही तोच. तुम्ही विचारण्याआधीच सांगते: पैसे मिळत नाहीत. तक्रार ती नाहीच.

समजा, वाक्य आलं ‘अमुक डिलीटेड’. अमुकच्या जागी काहीही येणार. इंग्रजीचं भागतं. आपल्याकडे लेख हटवला, प्रतिमा हटवली, पान हटवलं. काय लिहाल? मग ‘हटवले: अमुक’ अशी सरकारी पाटी तयार होते, आणि बोजड मराठीचा दोष भाषांतरकाराच्या माथी!

‘पोस्ट’ हे नाम की क्रियापद, हे सांगायची सोय वर्डप्रेसच्या कोडमध्ये आहे. पण ती प्रोग्रामरने आठवणीने वापरायची. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीत संदेशांच्या खुलाशांसाठी ‘क्यूक्यूक्यू’ नावाची चक्क एक खोटी भाषाच ठेवलीय. म्हणजे हे जमतं. भाषांतर हे शेवटी मारायचं रंगाचं काम समजलं की मात्र जमत नाही.

परवा एका प्लगइनमध्ये नुसतं ‘होम’ आलं. मी ‘मुखपृष्ठ’ लिहिलं. नंतर कळलं, तो घरचा फोन नंबर होता.