एका गणिताची दोन उत्तरे

‘एक विमान १० किलोमीटर उंचीवरून ताशी ९०० किलोमीटर वेगाने जात आहे. जमिनीवर तापमान ३०° से. आहे. विमानाचा वेग सेकंदाला किती मीटर? बाहेरच्या हवेचे तापमान किती?’

अशा धर्तीचे गणित आपण वर्गात घालतो. मुले ९०० ला ५/१८ ने गुणून २५० लिहितात. मग किलोमीटरला ६.५° प्रमाणे ६५° वजा करून उणे ३५° लिहितात. दोन्ही उत्तरांवर आपण सारखीच बरोबरची खूण करतो. आक्षेप आहे तो या सारखेपणाला.

५/१८ हा निसर्गाचा नियम नव्हे. किलोमीटरचे १००० मीटर आणि तासाचे ३६०० सेकंद हे माणसानेच ठरवले. १०००/३६०० ला संक्षिप्त रूप दिले की ५/१८ मिळतात. त्यामुळे २५० हे उत्तर चिमूरला आणि चंद्रावरही तितकेच अचूक.

६.५° ही मात्र सरासरी आहे. कोरडी हवा वर चढताना प्रसरण पावते व किलोमीटरला सुमारे ९.८° गार होते. ढगातल्या हवेत बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून ती त्याहून कमी गार होते. प्रत्यक्षातला दर स्थळ, ऋतू आणि वेळेनुसार बदलतो.

पडताळा घेऊ. समजा, डिसेंबरात चिमूरला पहाटे १२° आणि दुपारी २८° तापमान आहे. आपल्या रीतीने १० किलोमीटरवर पहाटे उणे ५३° आणि दुपारी उणे ३७° यायला हवे. सात-आठ तासांत तिथली हवा १६° तापली काय? मुळीच नाही. दिवसरात्रीचा हा मोठा फरक जमिनीलगतच्या हवेपुरताच असतो.

निरभ्र रात्री जमीन उष्णता गमावते आणि तिला टेकलेली हवा गार होते. त्यामुळे थोड्या उंचीवरची हवा खालच्या हवेपेक्षा उबदार राहते. हीच तापमानाची विपरितता. शेकोटीचा धूर पहाटे थोडा वर जाऊन आडवा पसरतो, हे आपल्या भागातल्या मुलाने कितीदा तरी पाहिलेले असते. ‘वर गेले की गार’ एवढेच आपण घोकून घेतले, तर आपल्याच डोळ्यांनी पाहिलेले त्याला चूक वाटू लागते. नुकसान होते ते इथे; दोन गुणांचे नव्हे.

मग गणित टाकून द्यायचे का? नाही. प्रश्नात ‘सुमारे’ हा शब्द घालावा आणि ‘हे उत्तर पहाटे लागू पडेल का?’ असे पुढे विचारावे. खरे तापमान मोजावेच लागते. नागपूरला हवामान खाते त्यासाठी फुग्याला उपकरण बांधून आकाशात सोडते. असा फुगा सेकंदाला साधारण ५ मीटर चढतो. ताशी किती? १० किलोमीटरवर पोहोचायला किती मिनिटे? हे गणित मुलांना जरूर द्या. ५/१८ तिथेही लागेल, पण मोजणीच्या सोबतीने.