लिनक्समधील सिरियल पोर्टवर मॉडबस आरटीयू : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या शेतीप्रधान परिसरात पंप, वीजमीटर व संगणक यांना दोन तारांनी जोडण्याचे स्वस्त साधन म्हणजे आरएस-४८५ जोडणी व मॉडबस होय. मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये मॉडबस प्रसिद्ध केला. लिनक्स विनामूल्य असल्याने 'सिरियल पोर्ट उघडला की काम झाले' असा समज विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून डोकावतो. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
आरटीयू पद्धतीत संदेशाचा शेवट कोणत्याही चिन्हाने दर्शविला जात नाही. साडेतीन अक्षरांइतकी शांतता हीच त्याची खूण होय. ९६०० बॉडला, ११ बिटांचे अक्षर धरल्यास, ही शांतता सुमारे ४ मिलिसेकंद भरते. याउलट लिनक्सच्या टर्मिऑस व्यवस्थेतील व्हीटाइम या कालमर्यादेचे लघुतम एकक १०० मिलिसेकंद, म्हणजे पंचवीसपट मोठे आहे. यूएसबी रूपांतरकही अक्षरे साठवून एकत्रित देतो. एफटीडीआय चिपच्या बाबतीत हा विलंब सामान्यतः १६ मिलिसेकंद असतो. म्हणजेच शांतता तारेवर असते, पण प्रोग्रॅमला ती दिसत नाही.

लिबमॉडबस ही लायब्ररी शांतता मोजण्याऐवजी कार्यसंकेतावरून संदेशाची लांबी ठरवते. प्रश्न विचारणाऱ्या मास्टरसाठी ही युक्ती पुरेशी आहे, कारण अपेक्षित उत्तर त्याला ठाऊक असते. परंतु लिनक्स संगणकच स्लेव्ह असेल तर त्याला इतर उपकरणांचे प्रश्न व उत्तरे दोन्ही ऐकू येतात. त्यांतील भेद संदेशात नोंदलेला नसतो. एकदा गणित चुकले की स्वतःसाठी आलेला आदेशही हुकू शकतो. पंप बंद करण्याचा आदेश असा हुकल्यास मोटार कोरडी चालून जळण्याचा धोका संभवतो.

दुसरी अडचण दिशाबदलाची. प्रेषक उशिरा बंद झाल्यास उत्तराची पहिली अक्षरे नष्ट होतात. हे काम प्रोग्रॅमवर न सोपवता टीआयओसीएसआरएस४८५ या आज्ञेद्वारे कर्नलच्या चालकाकडे देणे श्रेयस्कर. मात्र सर्वच चालक तिला साहाय्य करीत नाहीत.

२०२४ मध्ये लिनक्स ६.१२ या आवृत्तीत रिअल-टाइम सुविधा मुख्य कर्नलमध्ये समाविष्ट झाली. तथापि यूएसबी रूपांतरकातील विलंब तिने दूर होत नाही.

निष्कर्ष :
लिनक्स मास्टर म्हणून योग्य आहे. स्लेव्हचे काम छोट्या मायक्रोकंट्रोलरकडे सोपवावे. पंपाचे संरक्षण संदेशावर विसंबू नये, ते स्टार्टरमध्येच असावे. प्रकल्पांचे मूल्यमापन करताना 'चालते का' यापेक्षा 'केव्हा चुकते' हा प्रश्न प्रथम विचारला जावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.