दृश्यसंकल्पनाची मूलतत्त्वे आणि नांदुऱ्याची १०५ फुटी हनुमानमूर्ती : प्रमाणविचाराची चिकित्सा

प्रस्तावना

दृश्यसंकल्पनाचे घटक आणि तत्त्वे यांची यादी कलाशिक्षणाच्या पहिल्याच पायरीवर विद्यार्थ्यासमोर येते. रेषा, आकार, रंग, छटा, पोत व अवकाश हे घटक होत. तर तोल, प्रमाण, लय, उठाव, विरोध व एकात्मता ही त्यांच्या रचनेची तत्त्वे होत. शासकीय रेखाकला परीक्षांसाठी संकल्पचित्राचा सराव केलेल्या विद्यार्थ्याला यांतील बहुतेक नावे मुखोद्गत असतात. मात्र हा सर्व अभ्यास कागदाच्या चौकटीत होतो. कागद सपाट असतो, त्याच्या कडा ठरलेल्या असतात आणि पाहणारा एका जागी बसलेला असतो. चौकट नाहीशी झाली आणि पाहणारा चालू लागला, तर ही तत्त्वे तशीच लागू पडतात काय? नांदुरा येथील १०५ फुटी हनुमानमूर्तीच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मूर्तीमागील श्रद्धेचा विषय स्वतंत्र असून येथे केवळ दृश्यरचनेचा विचार केला आहे.

यादीची परंपरा

आज प्रचलित असलेली यादी फार जुनी नाही. अमेरिकेत आर्थर वेस्ली डाऊ यांनी १८९९ मध्ये रेषा, छाया-प्रकाश आणि रंग यांवर आधारलेली रचनापद्धती मांडली. डेनमन रॉस यांनी १९०७ मध्ये सुसंवाद, तोल व लय या तत्त्वांवर भर दिला. पुढे वासिली कँडिन्स्की यांचे बिंदू, रेषा आणि प्रतल यांविषयीचे पुस्तक १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. या तिन्ही विवेचनांचा मुख्य आधार सपाट पृष्ठभाग हाच होता. आपल्याकडे कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. त्यांतही 'प्रमाण' हे रूपभेदानंतर लगेच येते. मूर्तिशास्त्रात तर नवताल, दशताल अशी तालमानाची तपशीलवार व्यवस्था आहे. या सर्व ठिकाणी प्रमाण म्हणजे प्रामुख्याने आकृतीच्या एका अवयवाचे दुसऱ्या अवयवाशी असलेले नाते होय. भव्य मूर्तीच्या बाबतीत मात्र आकृती आणि पाहणारा यांच्यातील नातेही तितकेच निर्णायक ठरते.

दुरून : विरोध आणि उठाव

मुंबई-नागपूर लोहमार्गावरील नांदुरा हे गाव राष्ट्रीय महामार्ग ५३ वर (जुना क्रमांक ६) मलकापूर आणि खामगाव यांच्या दरम्यान वसले आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील हा प्रदेश सपाट व काळ्या मातीचा आहे. शेते, बांध, रस्ता, रूळ आणि क्षितिज अशा येथील बहुतेक ठळक रेषा आडव्या आहेत. अशा भूमीवर १०५ फुटांची, म्हणजे सुमारे ३२ मीटरची उभी आकृती 'विरोध' या तत्त्वाचे उत्तम उदाहरण ठरते. दृष्टी मोकळी असल्यास एक किलोमीटरवरून ती डोळ्याशी सुमारे १.८ अंशांचा कोन करते. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याची रुंदी साधारण एवढीच दिसते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या प्रवाशाला हे अंतर कापण्यास एक मिनिट लागते आणि त्या मिनिटात अंगठ्याएवढी आकृती आकाश व्यापू लागते. हा वाढत जाणारा अनुभव म्हणजे एक प्रकारची लयच होय. ती मूर्तीच्या घडणीत नसून प्रवाशाच्या गतीत आहे. महामार्गालगतच्या भव्य शिल्पाचे हे खरे बळ आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

जवळून : प्रमाणाचा प्रश्न

अडचण जवळ गेल्यावर सुरू होते. १०५ फुटी उभी आकृती नवतालात, म्हणजे नऊ समान भागांत विभागली, तर प्रत्येक भाग सुमारे ३.५६ मीटरचा होतो. दीड मीटर उंचीवर डोळे असलेली व्यक्ती पायथ्यापासून १० मीटरवर उभी राहिल्यास सर्वांत खालचा भाग तिच्या दृष्टीचे सुमारे २० अंश व्यापतो, तर सर्वांत वरचा, मुखाचा भाग केवळ २.२ अंश व्यापतो. मापाने समान असलेले दोन भाग दिसण्यात एकास नऊ होतात. भक्ताची दृष्टी ज्या मुखाकडे जावयाची, तेच सर्वांत लहान दिसते आणि ते पाहण्यासाठी मान सुमारे ७० अंश वर करावी लागते. हीच व्यक्ती ६४ मीटरवर, म्हणजे उंचीच्या दुप्पट अंतरावर गेली, तर हेच दोन भाग अनुक्रमे ३.२ आणि २.७ अंशांचे दिसतात. तालमान पुन्हा जवळपास जुळते. आकृतीत काडीचाही बदल न करता तिचे प्रमाण सुधारले, ते केवळ अवकाशामुळे!

मार्टेन्स या जर्मन वास्तुतज्ज्ञाने १८७७ मध्ये हेच सूत्ररूपाने मांडले होते. उंचीइतक्या अंतरावरून तपशील, दुपटीवरून संपूर्ण वस्तू आणि तिपटीवरून परिसरासह वस्तू नीट दिसते, असे ते सूत्र. १०५ फुटी आकृतीसाठी ही अंतरे सुमारे ३२, ६४ आणि ९६ मीटर होतात. प्रश्न प्राचीनही आहे. प्लेटोच्या 'सोफिस्ट' या संवादात भव्य शिल्पे घडविणारे कलावंत खरी मापे सोडून दिसण्यात योग्य वाटणारी मापे वापरतात, अशी तक्रार आढळते. तत्त्ववेत्त्याला तो आभास वाटला. संकल्पकाच्या दृष्टीने मात्र ते पाहणाऱ्याचे भान आहे.

दोन तुलना

श्रवणबेळगोळ येथील सुमारे ५७ फुटी गोमटेश्वराच्या पायथ्याशी प्राचीन मराठी शिलालेख आहे, म्हणून ती मूर्ती मराठी अभ्यासकाला सुपरिचित आहे. इ. स. ९८१ च्या सुमारास घडलेल्या या मूर्तीच्या पायांशी वारुळे कोरली असून मांड्यांवरून व बाहूंवरून वेली चढत गेल्या आहेत. हा कथेतील तपशील आहे, तसाच रचनेतीलही आहे. जवळ उभ्या असलेल्या प्रेक्षकाची दृष्टी त्या वेलींच्या रेषेवरून टप्प्याटप्प्याने वर नेली जाते. येथे रेषा प्रमाणाच्या मदतीला धावून आली आहे.

दुसरी तुलना आपल्या गावोगावच्या शेंदरी मारुतीची. हा मारुती अनेकदा दोन-तीन फुटांचा असतो. शेंदराच्या थरांवर थर चढून त्याचे अवयव बुजलेले असतात; उरते ती एक गोलाई, एक रंग आणि दोन डोळे. तरीही पाराजवळून जाणाऱ्याची नजर तिकडे वळल्यावाचून राहत नाही. झाडाच्या हिरव्या सावलीत शेंदरी रंग विरोधाने उठून दिसतो आणि मूर्ती बहुधा पाहणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात असते. उठाव साधण्यासाठी उंची हा एकमेव उपाय नाही, हे लोकपरंपरेने फार पूर्वीच सिद्ध केले आहे.

समारोप

उंची हे माप आहे, तत्त्व नव्हे. मापाचा विक्रम मोडतो : आंध्र प्रदेशातील परिताळा येथे २००३ मध्ये १३५ फुटी आणि सिमल्याच्या जाखू टेकडीवर २०१० मध्ये १०८ फुटी हनुमानमूर्ती उभी राहिली. केवडिया येथील पुतळा तर २०१८ मध्ये १८२ मीटरवर गेला. उंचीच्या स्पर्धेत कोणतेही गाव फार काळ पहिले राहू शकत नाही. परंतु मूर्तीभोवतीचा मोकळा अवकाश जपला, तर तिचे दृश्यप्रमाण कायम राहते. म्हणून भव्य शिल्पाचा संकल्प करताना उंचीच्या आधी पाहण्याचे अंतर ठरविले पाहिजे आणि त्या अंतरात फलक, दुकाने वा वीजतारा येणार नाहीत याची तरतूद केली पाहिजे. तो अवकाश शिल्पाचाच भाग होय.

अध्यापनाच्या दृष्टीनेही यातून एक सूचना निघते. कोनमापक, दोरा आणि ओळंबा एवढ्या साधनांनी विद्यार्थी कोणत्याही उंच वास्तूचे कोन मोजू शकतात आणि तीन अंतरांवरून तीच आकृती रेखाटू शकतात. तीन रेखाटने शेजारी ठेवली की प्रमाण व अवकाश ही यादीतील दोन सुटी नावे नसून एकाच नात्याच्या दोन बाजू आहेत, हे व्याख्येवाचून उमगते. कला, भूगोल आणि गणित या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन हा उपक्रम आपल्याच परिसरात करण्याजोगा आहे.