चंद्रानं टोपी घातली का?

मुलांना गोष्ट वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाच्या तोंडी शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : ‘मग बाळांनो, यातून आपण काय शिकलो?’ तिथे गोष्ट संपते आणि मुलांचा विचारही. खोड जुनी आहे. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ निघालं, ते इसापनीतीचं मराठी रूप. म्हणजे मुलांसाठीचं आपलं छापील वाङ्मय तात्पर्याचं बोट धरूनच चालायला लागलं. पुढे कागद सुधारला, चित्रं रंगीत झाली, पण बोट काही सुटलं नाही.

तात्पर्याऐवजी मुलांबरोबर तत्त्वज्ञान करायचं म्हणजे प्लेटो किंवा शंकराचार्य सोपे करून सांगायचे, असं नव्हे. अमेरिकेत मॅथ्यू लिपमन यांनी १९७४मध्ये मॉन्टक्लेअरला या कामासाठी संस्था काढली. त्यांची रीत साधी : मजकूर सगळ्यांनी मिळून वाचायचा, प्रश्न मुलांनी काढायचे आणि शिक्षकानं उत्तर देण्याची घाई करायची नाही. गंमत अशी, की लिपमन चित्रांच्या विरोधात होते. मुलानं मनात चितारायचं तेच चित्रकारानं आधी चितारून ठेवलं, तर मुलाला काम काय उरलं, असा त्यांचा आक्षेप. करिन मरिस यांनी १९९२मध्ये नेमकी उलटी बाजू घेतली आणि चित्रपुस्तकांतून तत्त्वज्ञान शिकवण्यावर पुस्तकच लिहिलं. माझा कौल मरिस यांना, पण एका अटीवर : चित्रानं शब्दांपेक्षा काहीतरी वेगळं सांगितलं पाहिजे. शब्दांत आंबा आणि चित्रातही तोच आंबा, अशा पुस्तकाला लिपमन यांचा आक्षेप पुरेपूर लागू पडतो. मराठीतली बहुतेक चित्रपुस्तकं याच जातीची आहेत, हे कबूल करून पुढे जाऊ.

अपवाद आहेत, आणि ते मोठे आहेत. प्रथम बुक्सनं काढलेलं, नोनी यांचं चंद्र आणि टोपीचं पुस्तक घ्या. मजकूर पोस्टकार्डावर मावेल एवढा. जत्रेत घेतलेली टोपी परतताना वाऱ्यानं उडते आणि पिंपळाच्या फांदीला अडकते. मूल रडतं, जेवत नाही. रात्री चंद्र येतो आणि ती टोपी घालतो. दुसऱ्या दिवशी आई नवी टोपी देते आणि ती चंद्रानं पाठवली म्हणून सांगते. शेवटी सूर्यालाही टोपी हवी असेल का, अशी शंका काढून पुस्तक थांबतं. तात्पर्य नाही. चंद्र फांदीमागे येऊन टोपीखाली उभा राहिला, तर त्यानं ती घातलेली ‘दिसते’. मग ‘घातली’ म्हणायचं की नाही? आई खोटं बोलली का? मुलाचं रडू थांबावं म्हणून बोललेलं खोटं हे खोटंच का? झाडावरच्या टोपीवर आता मालकी कुणाची? पहिलीतल्या मुलाला यातला एकही प्रश्न जड जात नाही. जड जातं ते शिक्षकाला, कारण उत्तर मार्गदर्शिकेत नसतं.

दुसरा अपवाद माधुरी पुरंदरे. ‘राधाचं घर’ किंवा यशच्या गोष्टींमध्ये त्या मुलाला शहाणं करायला निघत नाहीत, त्याच्याशेजारी बसतात. ‘चित्रवाचन’मध्ये तर चित्रंच बोलतात, कोण कुणाकडे का बघतंय हे बघणाऱ्यानं ठरवायचं. २०१४ला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ला बिग लिटल बुक अवॉर्ड त्यांना मिळालं, ते योग्यच झालं. पण तक्रार अशी, की एवढं मोठं काम समोर असताना त्यांच्या मागून चालणारे मोजकेच निघाले. आणि या पुस्तकांतली घरं, जिने, स्वयंपाकघरं बहुतांशी शहरी मध्यमवर्गाची आहेत. पुरंदऱ्यांचा हा दोष नाही, त्यांनी ओळखीचं जग लिहिलं. बाकीच्यांनी आपापलं लिहायला हवं होतं.

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्यात बसून पाहिलं की ही उणीव जास्त खुपते. इथलं मूल घरी झाडीबोली नाहीतर पोवारी बोलतं, कुठे गोंडी, आणि शाळेत पुस्तकाची मराठी वाचतं. विचार घरच्या भाषेत येतो, तो शाळेच्या भाषेत मांडेपर्यंत तास संपतो. चंद्र-टोपीची जत्रा इथे ‘मंडई’ म्हणून सांगितली, की दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडई, तिथलं दंडार हे लोकनाट्य, पाळणे सगळं वर्गात येतं आणि मुलं आपणहून बोलू लागतात. यात अडचण पैशाचीही नाही. २०१५पासून स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर प्रथमची पुस्तकं फुकट वाचता येतात, परवाना खुला असल्यानं पोवारीत करून छापताही येतात. फक्त शाळेतल्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर पिवळी टोपी काय, लाल टोपी काय, सारखीच करडी होते आणि चित्र अर्धं मरतं.

प्रश्न टाकून समोरच्याला अडवण्याची कला या मुलखाला नवी नाही; खडी गंमत या इथल्या लोकनाट्यातल्या शाहिरांचे सवाल-जवाब ऐकत इथली माणसं मोठी झाली. मात्र तिथे सवाल टाकणाऱ्याच्या खिशात जवाब असतो. मुलांबरोबर बसताना खिसा रिकामा लागतो, आणि सध्याची प्रशिक्षणं नेमकी खिसे भरून देतात : एका पुस्तकाला दहा छापील प्रश्न, प्रत्येकाखाली अपेक्षित उत्तर. तो स्वाध्याय झाला.

विषयांना इथे तोटा नाही. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, आणि तो धानाच्या बांधीत घरटं करतो. रोवणी झालेल्या बांधीत अंडी दिसली, तर बांधी कुणाची? सातबाऱ्यावर नाव असलेल्याची की अंडी घालणाऱ्याची? तिरोड्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता ३३०० मेगावॅट. वीज जिथे तयार होते, तिथल्याच शेतपंपाला रात्रीची पाळी आली तर ते बरोबर का, हा प्रश्न चौथीतला मुलगा मोटर सुरू करायला निघालेल्या बापाला विचारू शकतो. यावर चित्रपुस्तक काढायचं तर चित्रकार इथल्या झाडीपट्टीत चार महिने राहिलेला हवा, लेखकाला पोवारी कळायला हवी, आणि संपादकानं शेवटच्या पानावरचं तात्पर्य खोडायला हवं.