योधाजीवाचे अश्रू

केळणेच्या काठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत येथील दात्यांचा उल्लेख आहे. याच नदीजवळ असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे 'असई' हे नाव पलटणींच्या ध्वजांवर मिरवले. अशा ध्वजांवर धर्मगुरूंकडून संस्कार करविण्याची ब्रिटिश सैन्याची रीत आहे. जालना जिल्ह्यातील या दोन स्थळांमुळे संयुत्तनिकायातील योधाजीव सुत्त आम्हांस पुन्हा तपासावेसे वाटले.

योद्ध्यांचा एक गामणी तथागतांना विचारतो : रणात झुंजत मरणारा देवलोकात जातो, असे पूर्वाचार्य सांगतात, आपले मत काय? तथागत दोनदा त्याला थांबवितात. तिसऱ्यांदा सांगतात, की समोरचे मरोत, या इच्छेने त्या योद्ध्याचे चित्त आधीच हीन झालेले असते. तो नरकात जातो.

विवेचक बहुधा येथेच थांबतात. आमच्या मते सुत्ताचे मर्म पुढे आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छापलेल्या पाठात त्या देवांचे नाव 'परजित' आणि नरकाचेही 'परजित'च. गुरूंनी स्वर्ग म्हणून जे दाखविले, तेच नाव तथागत नरकाला देतात. अट्ठकथाकार तर म्हणतात, की तेथील जीव शस्त्रे घेऊन लढत असल्यासारखेच पचत राहतात.

मग गामणी रडतो. नरकाच्या भयाने नव्हे. आचार्यांच्या परंपरेने आपणास दीर्घकाळ फसविले म्हणून! युद्धाला पावित्र्य देणाऱ्यावर याहून कठोर आरोप तिपिटकात आमच्या पाहण्यात नाही. या कसोटीवर 'महावंस' उतरत नाही. तेथे दुट्ठगामणीच्या पश्चात्तापावर अर्हंत उत्तर देतात, की दीडच माणूस मारला गेला, इतर पशूसमान. ही त्याच पूर्वाचार्यांची भाषा होय, मग ती चीवर धारण करून का बोलली जाईना.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणीच्या पाण्यावरून होऊ घातलेल्या युद्धाला त्याने केलेल्या विरोधात दाखविले. त्याच ग्रंथात अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असेही ते मांडतात. म्हणजे शस्त्र कधी अटळ ठरू शकते. परंतु अटळ ते पवित्र नव्हे. भीमा कोरेगावच्या स्तंभापुढे नतमस्तक होताना आम्ही हा भेद पाळावयास हवा. तेथील मान नाकारलेल्या माणुसकीचा आहे, मारण्याचा नव्हे. आमच्या काही व्याख्यात्यांस हे रुचत नाही, हे आम्ही जाणतो.

आधीच्याच सुत्तातला तालपुट नट असेच उत्तर ऐकून रडतो आणि प्रव्रज्या घेतो. योधाजीव मात्र उपासक होतो. त्याने पुढे शस्त्र ठेवले काय, याविषयी सुत्त मौन आहे.