पेटीवरचे आकडे

जिते, जोहे, हमरापूर या पेण तालुक्यातल्या गावांत गणपतीच्या मूर्ती साच्यातून निघतात. डोळ्यांची आखणी मात्र हातानेच करावी लागते. मोठेपणी पेटी शिकू पाहणाऱ्यांसाठी निघणारी 'घरबसल्या शिका' छापाची पुस्तके चाळताना आम्हाला ही आखणी आठवली. ही पुस्तके साच्यापाशीच थांबतात. पट्ट्यांवर आकडे चिकटवा, त्या क्रमाने बोटे टाका, की झाला अभंग! भजनात साथ जमते, हे कबूल. पण कानाला काम काय?

प्रौढाची बोटे लवकर वळत नाहीत, 'असे का?' हा प्रश्न मात्र त्याला पडतो. त्याला एकाही पानावर जागा नाही. समजा, सा सेकंदाला २४० कंपनांचा आहे. त्याच्याशी पूर्ण जुळणारा शुद्ध ग ५:४ या प्रमाणात ३०० चा. सप्तकाचे बारा समान भाग करून जुळवलेल्या पेटीत तोच ग सुमारे ३०२.४ वर बसतो. दोन्ही पट्ट्या एकदम दाबून धरा, सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथर होते. मग पेटी बंद करून तंबोऱ्यावर ग गाऊन पाहा. वर्गातही हा प्रयोग फुकटात होतो.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींची पेटी करवून घेतली, ती याच खटक्यापायी. नभोवाणीवर १९४० मध्ये पेटीला बंदी आली, ती १९७१ साली सैल झाली. हे सारे दोन पानांत मावले असते. त्या जागी आणखी दहा भजनांचे आकडे छापले आहेत.