विदूषकाला हाकलू नका

वस्तीतल्या नाटकाचं कोणी परखड परीक्षण केलं की वस्ती उसळते. यंदा आमच्या भागात तेच झालं. जयंतीला पोरांनी नाटक केलं. एका अनियतकालिकानं त्यावर दोन पानं लिहिली आणि गल्लीत अंक फाडले गेले. कार्यकर्त्यांनी या रागाकडं नीट बघितलं पाहिजे, कारण हा राग एक नाही. त्यात चार राग आहेत.

परीक्षणाचे आक्षेप असे. नाटकातला पाटील आणि त्याचा चाबूक जुनाच. जात विचारून भाड्याची खोली नाकारणारा शहरातला घरमालक त्यात कुठंच नाही. बाई फक्त रडते. शेवटी बाबासाहेबांच्या पुतळ्यावर उजेड पडतो, भाषण होतं, टाळ्या पडतात अन् प्रश्न सुटल्यासारखा पडदा पडतो. आणि नटांचे उच्चार अशुद्ध आहेत.

आता प्रतिक्रिया बघा. एका नटाची आई म्हणाली, "माझा लेक रातपाळी करून तालमीला जायचा, ते न्हाई दिसलं व्हय रं बाबा तुला?" तिचा सवाल खरा आहे. ज्या मंडपाचं भाडं घरटी वर्गणीतून निघतं, तिथल्या नाटकावर लिहिताना हे कष्ट नोंदवलेच पाहिजेत. पण कष्ट म्हणजे कस नव्हे. प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' ही १९७७ ची एकांकिका आठवा. दोन माणसं आणि पाण्याचा प्रश्न, एवढ्यावर ती उभी राहते. पैसा नव्हता म्हणून नेपथ्य नव्हतं, हे चालेल. पैसा नव्हता म्हणून विचार नव्हता, हे कसं चालेल?

दुसरा राग पुढाऱ्यांचा. म्हणे, घरातलं धुणं चव्हाट्यावर आणलं, सवर्णांच्या हाती कोलीत दिलं. दोस्तहो, त्यांना कोलीत लागतंच कुठं? आपण गप्प बसलो तरी ते हसायचं थांबणार नाहीत. मग त्यांच्या हसण्याच्या भीतीनं आपण आपसात खरं बोलायचं थांबवायचं का?

तिसरा राग सगळ्यात घातक. नाटकाला नाव ठेवलं म्हणजे बाबासाहेबांना नाव ठेवलं, असं एकजण माइकवरून बोलला. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगणारे बाबासाहेबच होते. त्यांच्याच पुतळ्याआड कच्चं नाटक लपवायचं, ही कोणती निष्ठा? पुतळ्यावर उजेड टाकून जो अंक संपतो, तो लेखकाचं काम पुतळ्याकडून करून घेतो.

चौथा राग नटांचा, उच्चारांवरून. तिथं मात्र परीक्षकच चुकला. 'ण' आणि 'न'ची फूटपट्टी त्यानं स्पर्धेच्या परीक्षकांकडून उसनी आणली. वस्तीतलं पात्र वस्तीचीच बोली बोलणार. ज्या जिभेला शतकानुशतकं पाठशाळेबाहेर ठेवलं, तिला शुद्धतेचे मार्क द्यायला आपल्यातलाच माणूस बसतो, तेव्हा तो कोणाच्या खुर्चीत बसलाय हे त्यालाही विचारलं पाहिजे. पण एक आक्षेप खोटा निघाला म्हणून बाकीचे तीन खोटे ठरत नाहीत. बाई का रडतच राहिली, याचं उत्तर मंडळानं अजून दिलेलं नाही.

जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न' १८५५ चं. जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडतो आणि विदूषक मधे मधे बोलून त्याचं कपट उघडं करत जातो. म्हणजे टीकाकार आपल्या नाटकात पहिल्यापासून रंगमंचावरच उभा आहे. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाटक नाकारलं. ते छापून यायला १९७९ उजाडलं. नाकारणं म्हणतात ते याला. मंडपात ताडपत्रीवर बसून शेवटपर्यंत नाटक बघणाऱ्यानं जे लिहिलं, ते तपासणं आहे. या दोहोंना एकाच मापानं मोजू नका.

म्हणून सांगणं एवढंच. ते परीक्षण ज्या चौकात नाटक झालं त्याच चौकात मोठ्यानं वाचा. परीक्षकाला बोलवा, उच्चारांबद्दल जाब विचारा, त्यानं उत्तर द्यावं. मग मंडळानं उत्तर द्यावं. त्या आईलाही पुढं बसवा, बोलू द्या. बाईचा प्रवेश वस्तीतल्या बायांनाच नव्यानं लिहायला सांगा. पुढच्या जयंतीला तेच नाटक पुन्हा उभं करा आणि शेवटी पुतळ्याऐवजी माणूस बोलू द्या.

फाडलेल्या अंकानं नाटक सुधारत नाही. विदूषकाला हाकललं की मंचावर जोशीच उरतो, मग तो कोणत्या का जातीचा असेना.